हिरडाटोल्याचा डोंगापट

उमराव कापगतेला पोहता येत नाही. हे आधीच सांगितलेलं बरं. नाही तर पुढचं ऐकून कोणालाही वाटेल, हा दर्यावर जन्मलेला माणूस असावा. त्यानं दर्या पाहिलेला नाही. नागपूरच्या पलीकडं तो एकदाच गेला होता, तोही वरातीत, आणि तिथं पाणी म्हणून जे होतं ते टँकरचं.

जातीनं तो कोहळी. नवेगाव बांधाच्या या सगळ्या पट्ट्यात ज्यांनी पिढ्यान् पिढ्या तलाव बांधले, त्यांच्यातला. "आमी तलाव बांधनारे लोक," तो म्हणतो, "तलावात उतरनारे नाई." गावानं त्याला पाणकर नेमलाय. तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, जायचं, तुडूम म्हणजे पारीतलं पाणी सोडायचं भोक उघडायचं, कोणाच्या बांधीतला धान किती भिजला ते पाहायचं आणि तुडूम बंद करायचं. मधला सगळा वेळ बसायचं. बसणं हाच त्या कामाचा मोठा भाग आहे आणि उमराव तो मन लावून करतो.

त्याचा पोरगा वीरेंद्र गोंदियात राइस मिलवर कामाला. त्यानं नवा मोबाइल घेतला आणि जुना बापाला दिला. उमराव पारीवर बसून धानावरच्या तुडतुड्याचा इलाज पाहत होता. तुडतुडा संपला आणि मागून आपोआप दुसरं चालू झालं. निळं पाणी, त्यावर पांढऱ्या शिडाच्या दोन बोटी, इतक्या कलंडलेल्या की आता पडतात की मग, आणि एक बाई हिंदीत सांगतेय, ही दुनियेतली लय जुनी शर्यत, अमेरिकाज कप. उमरावनं तुडतुडा तिथंच सोडला. त्या हंगामात तुडतुड्यानं त्याचा धान खाल्ला आणि उमरावनं दीडशे वर्षांचा इतिहास.

मग तो शामकलाच्या चहाटपरीवर सुरू झाला.

"अठराशे एकावनची गोष्ट सांगून राहिलो," तो म्हणायचा. "अमेरिकेची एक बोट इंग्लंडले गेली. तथी एका बेटाले चक्कर मारायची शर्यत होती. इंग्लंडच्या साऱ्या बोटी मागं पडल्या. रानीनं विचारलं, दुसरा नंबर कोनाचा? तं मानूस म्हने, रानीसाहेब, दुसरा कोनी नाईच. असं म्हनतात."

"दुसरा नाई तं तिसऱ्याले द्याचा," बकाराम म्हणाला. बकाराम वलथरे ढीवर, तलावातली मासेमारी त्याच्या घराकडं. जन्म डोंग्यात, म्हणजे सपाट लाकडी होडीत, गेलेला.

"दुसराच नाई तं तिसरा कोठून येईन बे?"

"मंग बाकीच्या बोटी बुडल्या का?"

"बुडल्या नाई. मागं होत्या."

"मागं होत्या तं त्यातली एक दुसरी असनच ना, दादा."

उमरावनं बकारामला इतिहासातून वगळलं आणि शामकलाकडं वळून पुढं सांगितलं. तो चांदीचा कप न्यूयॉर्कच्या क्लबात गेला. क्लब म्हणाला, ज्या देशाले पाहिजे त्यानं यावं आणि जिंकून न्यावा. एकशे बत्तीस वर्षं कोणाला नेता आला नाही.

"एवढ्या वर्सांत एखादा चोर बी आला नाई?" शामकलानं विचारलं.

"नट-बोल्ट मारून ठेवला होता. अन हा लिपटन, ज्याच्या नावाचा चहा भेटते, तो पाच खेपा बोट घेऊन गेला. पाचही खेपा हारला."

"ध्यान चहात असन त्याचं," शामकला म्हणाली.

"पन मानूस असा गोड, का शेवटी अमेरिकेच्या लोकायनंच वर्गणी करून त्याले सोन्याचा कप देल्ला. हारल्याबद्दल."

हारल्याबद्दल सोनं, हे कोणाच्या पचनी पडेना. शेवटी बकाराम म्हणाला, "पन किती बोटी राह्यतात शर्यतीत?"

"आखरीले दोनच. एक कपवाल्याची, एक मांगनाऱ्याची."

"मंग हा तं शंकरपटच झाला. दोन जोड्या, एक बैलवाला इकडचा, एक तिकडचा."

उमरावच्या हातातला कप बशीवर टेकला. जे त्याच्या डोक्यात महिनाभर नुसतं तरंगत होतं, त्याला बकारामनं बसायला पाट दिला.

दिवाळी झाली की आमच्याकडं गावोगाव मंडई भरते. पाहुणे येतात, रात्रभर नाटक होतं, सोयरिकी जुळतात. त्या वर्षी हिरडाटोल्याच्या मंडईत लाउडस्पीकरवरून पुकारा झाला, की यंदा तलावात डोंग्यांचा पट होईल, डोंग्याला शीड लावून. आव्हान तलावाच्या पलीकडच्या कोसमघाटला. कोसमघाटकडून आव्हान घेतलं केवळराम रहांगडालेनं. केवळराम पोवार, मोठा शेतकरी, आणि शंकरपटाचा, म्हणजे बैलांच्या शर्यतीचा, वेडा. त्याच्या गोठ्यातले बैल त्याच्या पोरांपेक्षा चांगलं खातात आणि पोरांना त्याचं काही वाटत नाही, इतकी ती सवय जुनी आहे. शर्यत म्हटल्यावर त्यानं कशाची ते विचारलंच नाही.

आता कप पाहिजे. मोबाइलमधला कप म्हणजे उंच सुरईसारखा, कान असलेला. तसं काही हिरडाटोल्यात नव्हतं. जवळात जवळ येणारी एकच वस्तू होती आणि ती उमरावच्याच घरात होती: त्याची बायको कुंदाबाईचा पाण्याचा पितळी गुंड. तिच्या बापानं आंदणात दिलेला, काठावर तिचं नाव कोरलेलं. त्यातलं पाणी वैशाखातही असं गार असायचं, की शेजारचे काम काढून प्यायला येत. कुंदाबाई धान कापायला गेली होती. उमरावनं चिंच लावून गुंड घासला, फेट्यात गुंडाळला आणि मंडईच्या मंडपात नेऊन ठेवला. संध्याकाळी परत आणायचाच होता. हारण्याचा विचार त्यानं केला नव्हता, कारण इतिहास त्याला येत होता आणि केवळरामला येत नव्हता.

शर्यत अशी होती: आपल्या पारीपासून निघायचं, तलावाच्या मधोमध पाण्यात उभा येनाच्या झाडाचा वाळलेला बुंधा आहे त्याला वळसा घालायचा आणि परत यायचं. वल्हं नाही, बांबू नाही, फक्त वारा. उमरावनं धान झाकायची ताडपत्री शीड म्हणून बांधली. तो पुढं उभा राहिला, मागं बकाराम बसला. सुटताच वारा भरला आणि दोन्ही डोंगे असे निघाले, की काठावरच्या बायांनी पदर तोंडात घातला. बुंधा आला. बुंधा गेला. वारा कोसमघाटकडं वाहत होता, त्यामुळं डोंगे कोसमघाटलाच जाऊन लागले. परत यायचं कसं, हे मोबाइलमधल्या बाईनं सांगितलं असेल, पण तेव्हा उमराव शिडाचा रंग पाहत होता.

तिथं सासुरवाडीच्या लोकांनी जावई आले म्हणून उमरावला चहा दिला. तो चहा पीत वारा बदलायची वाट पाहत होता. केवळरामनं वाट पाहिली नाही. त्याची माणसं कमरेएवढ्या पाण्यात उतरली, डोंग्याला दोर बांधला आणि तलावाच्या उथळ कडेनं ओढत, हाकारे देत, हिरडाटोल्याच्या पारीला आणून लावला.

"हे नियमात बसत नाई," उमराव नंतर म्हणाला. "अशा शर्यतीत पाय राह्यतच नाई."

पंच होते दुर्गाप्रसाद बिसेन. उभं आयुष्य त्यांनी शंकरपटाचे निकाल दिले होते आणि ते निकाल हिंदीतच देत. "जो पहले आया, वो पहले आया," ते म्हणाले. "बैल ने खींचा कि आदमी ने, पट में कौन पूछता है?"

गुंड वाजतगाजत कोसमघाटला गेला. आणि इथंच चूक झाली. कारण कोसमघाट कुंदाबाईचं माहेर.

आमच्याकडं आंदणातलं भांडं माहेरी परत जात नाही. एकदाच जातं. लेकीला नांदवायचं नाही असं सासरच्यांनी ठरवलं, की आधी भांडी जातात, मग लेक. इथं तर भांडं बँड लावून गेलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कुंदाबाईच्या भौजीचा, म्हणजे भावाच्या बायकोचा, मंजूचा, फोन आला. "बाई, मांगची खोली झाडून ठेवली. पलंग टाकू का खाली झोपसीन?"

कुंदाबाईनं फोन ठेवला. उमराव पारीवरून आला होता, ओट्यावर बसला होता, नेहमीसारखा हात पुढं करून. ती आतून आली, हातात काही नव्हतं.

"गुंड घरी येईस्तोवर," ती म्हणाली, "माह्या हातचं पानी तुमाले नाई."

"एवढंच ना?" उमराव म्हणाला.

एवढंच होतं. जेवण मिळत होतं, बोलणं मिळत होतं, बोलणं तर जास्तच मिळत होतं. पण तांब्याभर पाण्यासाठी उमरावला चौकातल्या बोरिंगवर जावं लागे, आणि बोरिंगवर बाया.

"काऊन गा उमरावभाऊ," त्या विचारत, "साऱ्या गावाले पानी वाटून राहिला, अन घरी कोरडाच?"

वरून बोरिंगचं पाणी कोमट, लोखंडाच्या चवीचं. उमरावला त्या गुंडाच्या पाण्याची स्वप्नं पडू लागली. पुढची सगळी वर्षं तो इतिहासासाठी झटला असं त्याचं म्हणणं आहे. खरं म्हणजे तो तहानलेला होता.

दुसऱ्या वर्षी त्यानं शीड मोठं केलं. जुन्या काळी या बोटींची शिडं वाढत वाढत इतकी झाली होती, की डोलकाठी दहा-दहा मजली. उमरावनं मंडपवाल्याचं कापड मागून आणलं आणि इतकं मोठं शीड केलं, की ते उभारताच डोंगा जागच्या जागी आडवा झाला. पोहता येत नसल्यानं तो शिडालाच धरून राहिला, आणि शीड त्याला घेऊन बरंच लांब गेलं. दुर्गाप्रसादजींनी विचार केला, पण शिडाला एकट्याला नंबर देता येईना.

तिसऱ्या वर्षी बकाराम ऐन वेळी डोंग्यात बसेना. त्याला शर्यतीच्या दिवशी कोंबडी हवी होती आणि घरात अंडी होती. उमराव चिडायच्या ऐवजी हरखला. "एकोनीसशे चौतीस साली इंग्लंडच्या बोटीवर असंच झालं, लेका. खलाशी रुसले अन हौशी लोक घेऊन जा लागलं." त्यानंही हौशी लोक घेतले, म्हणजे गावचं भजनी मंडळ. मंडळ डोंग्यात बसलं आणि बुंध्यापर्यंत पुढं होतं. मग अभंग रंगला. टाळ वाजवायला दोन्ही हात लागतात, त्यामुळं दोर धरायला कोणी राहिलं नाही.

"चौतीस सालीबी ते पहिल्या दोन शर्यती जिंकून हारले होते," उमराव घरी म्हणाला.

"मंग पानीबी त्यायलेच मांगा," कुंदाबाई म्हणाली.

चौथ्या वर्षाची तयारी मात्र त्यानं कोणाला सांगितली नाही. त्र्याऐंशी साली ऑस्ट्रेलियावाल्यांनी बोटीच्या पोटाखाली पंख लावले होते, ते कोणाला दिसू नयेत म्हणून बोटीभोवती कापड गुंडाळून ठेवलं होतं, आणि एकशे बत्तीस वर्षांनी कप नेला होता. उमराव नवेगाव बांधाच्या वेल्डरकडून पत्र्याचे पंख करून आला. डोंगा घराच्या मागं ठेवला आणि त्याला कुंदाबाईची जुनी लुगडी नेसवली. कोसमघाटहून माणसं सोयरिकीच्या निमित्तानं येऊन वाकून पाहू लागली. गावात बोलवा उठला, की उमरावनं डोंग्याखाली मोटर लावली. कोणी म्हणालं, मगर बांधली.

"काय आहे खाली, मले तं सांगा," बकाराम म्हणाला. त्या वर्षी त्याला कोंबडी कबूल झाली होती.

"पंख."

"पान्यात उडाचं आहे?"

"स्थिर राह्यते बे त्यानं."

स्थिर राहिला. डोंगा सपाट असतो तो उगाच नाही, आमच्या तलावात शिंगाड्याचे वेल असतात. निघाल्यावर दहा हातांवर पंखांनी पहिला वेल धरला, मग दुसरा, आणि डोंगा असा स्थिर झाला, की वादळानंही हलला नसता. केवळराम जाऊन आला, वाटेत त्यानं हात केला. उमराव आणि बकाराम जागच्या जागी बसून होते. बकारामनं वेळ जाऊ नये म्हणून शिंगाडे तोडून टोपली भरली.

एवढं झाल्यावर कोसमघाटच्या लोकांना उमराव आवडू लागला. त्यांनी त्याचा सत्कार ठेवला. शाल दिली, नारळ दिला, आणि केवळराम माईकवर म्हणाला, आमच्या जावयासारखा हारनारा जिल्ह्यात नाई. आणि भेट म्हणून दिला एक नवा कोरा स्टीलचा गुंड. उमरावच्या डोळ्यात पाणी आलं. लिपटनचा मान त्याला मिळाला होता. तो स्टीलचा गुंड डोक्यावर घेऊन घरी आला.

कुंदाबाईनं गुंड पाहिला, बोटानं वाजवून पाहिला.

"हा तुमाले हारल्याबद्दल भेटला?"

"हो."

"मंग यात तुमचं पानी तुमीच भरा," ती म्हणाली. तिनं तो त्याच्या हाती दिला आणि बोरिंगचा रस्ता दाखवला.

त्यानंतर महिन्याभरानं कोसमघाटला भाच्याचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होतं, कुंदाबाई गेली. कार्यक्रम समाजमंदिरात होता. तिथं समोरच्या चौथऱ्यावर तिचा गुंड, हार घातलेला. तिनं जवळ जाऊन तो प्रेमानं उचलायला पाहिला. गुंड हलेना. तिनं आत हात घातला. बुडातून एक जाडजूड बोल्ट वर आलेला होता आणि त्यावर नट आवळलेला.

केवळराम पंगतीत वाढत होता. कुंदाबाईनं त्याला भाताच्या परातीसह बाजूला घेतलं.

"केवळदादा, माह्या गुंडाले भोक कोनं पाडलं?"

"तुह्या नवऱ्यानं सांगतलं, बाई," केवळराम म्हणाला. "फोन आला होता. म्हने, न्यूयार्कले असाच ठेवते, नट-बोल्ट मारून. त्याशिवाय कपाले मान नाई. कोनता बोल्ट, तेबी त्यानंच सांगतलं."

तो घाबरून पुढं बोलत राहिला. "आमाले तं हा ठेवाचाच नव्हता वो. गावच्या लेकीचं भांडं, आमी कायले ठेवू? पहिल्याच हप्त्यात निरोप पाठवला, का घेऊन जा. जवाई म्हने, कप मांगून नेत नाईत, जिंकून नेतात. दरसाल पाठवतो निरोप. दरसाल तेच. पाना आनू का? आत्ता खोलून देतो."

कुंदाबाई चौथऱ्याकडं पाहत राहिली. एवढी वर्षं बोरिंगचं लोखंडी पाणी पिणारा तो माणूस तिच्या डोळ्यापुढं आला, आणि प्रत्येक वर्षी नको म्हणणाराही तोच.

"पाना नोको," ती म्हणाली. "आज मी घेऊन गेली, तं उद्या हे मानूस स्वतः अथी आनून ठेवन. म्हनन, जिंकला नाई. त्याले जिंकाच लागन. येत्या मंडईले तुमी हारा, दादा."

केवळरामच्या हातातली परात कलली. "मी? जानूनबुजून? मले हारता येत नाई वो, कुंदा. कधी केलंच नाई."

"तुमच्या जवायाकडून शिका."

पाचव्या वर्षाची मंडई. दोन्ही काठांवर माणसं. कोसमघाटला आतून सगळं माहीत होतं, हिरडाटोल्यालाही आतून सगळं माहीत होतं. माहीत नव्हतं ते एकट्या उमरावला. त्यानं पंख काढले होते, शीड बेताचं ठेवलं होतं, आणि परत कसं यायचं हेही या वेळी मोबाइलवर पाहून घेतलं होतं. तिरकं तिरकं यायचं.

केवळरामनं हारायला सुरुवात केली. पण त्याचा डोंगा चांगला होता आणि त्याला इतकी वर्षं जिंकायची सवय. शीड सैल केलं तरी तो पुढं. शीड अर्ध्यावर घेतलं तरी सरकतच होता. बुंध्याला वळसा घालून, मनात नसताना, तो परतीला लागला. शेवटी त्यानं दगड दोराला बांधून पाण्यात टाकला, पाठ फिरवून बसला आणि तंबाखू मळू लागला.

मागून उमरावचा डोंगा तिरका तिरका येत होता. खरोखर येत होता. काठावरचे लोक उभे राहिले.

"दादा, केवळराम थांबला," बकाराम म्हणाला. "चाल, निघून जाऊ बाजूनं."

उमरावनं डोळे बारीक केले. "थांबला? तो कायले थांबन? हा डाव आहे. या शर्यतीत असेच डाव राह्यतात, एकमेकाले पाहात थांबाचं, अन दुसरा चुकला का सुटाचं. शीड खाली घे."

"दादा, आपली पार पन्नासच हातांवर आहे."

"शीड खाली घे म्हनतो ना बे."

आणि उमरावही थांबला. तलावात दोन डोंगे, दोन्ही उभे. केवळराम हारायसाठी थांबलेला, उमराव फसायचं नाही म्हणून थांबलेला. शामकलाचा चहा संपून दुसरं आधण चढलं. लाउडस्पीकरवाल्यानं आधी समालोचन केलं, मग नाटकाची जाहिरात केली, मग हरवलेल्या एका चपलेचा पुकारा केला. तरी डोंगे उभेच.

"जा ना गा, जवाईबापू," केवळराम न राहवून ओरडला.

"पाहा," उमराव बकारामला म्हणाला, "बोलावून राहिला. फसवते."

कुंदाबाई पारीवर मंजूजवळ उभी होती. तिनं हातातली पिशवी मंजूकडं दिली, लुगड्याचा काष्टा खोचला आणि सरळ पाण्यात उतरली. गुडघे, कंबर, मग छाती. कोणी तिला थांबवलं नाही. तिनं डोंग्याच्या टोकाचा दोर धरला, मनगटाला वेढा दिला आणि म्हैस पाण्यातून काढावी तशी ओढायला लागली.

"कुंदा, सोड," उमराव वरून म्हणाला. "नियमात नाई."

"बसा चुपचाप."

"पंचसाहेब," उमराव हात वर करून म्हणाला, "माही तक्रार आहे. माह्याच बोटीवर. हे पायानं चालून राहिली."

दुर्गाप्रसादजींनी चष्मा पुसला. "पहले साल पैदल चला था," ते म्हणाले, "तो आज भी चलेगा. बैठो."

डोंग्याचं टोक पारीला लागलं. दोन्ही काठांवरून ढोल वाजले. केवळरामनं दगड वर घेतला आणि कपाळावरचा घाम पुसला. इतकं अवघड काम त्यानं बैलांकडूनही कधी करून घेतलं नव्हतं. मग तो स्वतः पाना घेऊन गेला, नट खोलला आणि गुंड गावच्या लेकीच्या हाती दिला.

दुसऱ्या दिवशी कुंदाबाईनं गुंड चिंचेनं घासला, तिवईवर ठेवला, उमरावला खाली बसवलं आणि त्याच्या उजव्या हाताचं बोट बुडाच्या भोकात घातलं. मग वरून पाणी ओतलं.

"किती वेळ?" उमरावनं विचारलं.

"गार होयेस्तोवर."

तो बसून राहिला. बसण्याची सवय होतीच. बोट बधिर झालं तेव्हा म्हणाला, "कुंदा, आता कप आपल्याकडं आहे. आता आव्हान त्यायनं देल्लं पाह्यजे. पन लिपटन पाच खेपा हारला होता, आपली एक कमीच राहिली."

कुंदाबाईनं तांब्या बुडवला, पाणी काढलं आणि त्याच्या डाव्या हातात दिला. त्यानं घोट घेतला. मग डोळे मिटून सगळा तांब्या रिकामा केला आणि पुन्हा पुढं धरला.

"देते," ती म्हणाली. "बोट हलवू नोका."